करडांचे संगोपन : कळपाची स्थिती जाणून घेण्याविषयी एक पाठ

वाचावयाचे भाग : नीतिसूत्रे 27:23–27, उत्पत्ति 33:12–14, यशया 40:11, लूक 16:10.

आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत असे घर क्वचितच सापडेल की ज्याच्या अंगणात एखादी शेळी बांधलेली नाही. ज्यास जमीन नाही, बैल नाही, गाय घेण्याचे सामर्थ्य नाही, त्यासही एक शेळी पाळता येते. ती कुंपणाचा पाला खाते, पोराबाळांना दूध देते, आणि आजारपण किंवा शाळेची फी असा प्रसंग आला म्हणजे तिचे करडू विकून घराची अब्रू राखता येते. सन 2019 च्या पशुगणनेत आपल्या देशात सुमारे 14 कोटी 88 लक्ष शेळ्या मोजल्या गेल्या, व त्यांपैकी एक कोटीहून अधिक आपल्या महाराष्ट्रात होत्या. इतके मोठे धन गरिबांच्या हाती असून त्याची निगा कशी राखावी याविषयी आपण उपासनेत किंवा शब्बाथशाळेत एक शब्दही बोलत नाही, हे आम्हांस बरे वाटत नाही. म्हणून या पाठात शेळीविषयी, आणि विशेषेकरून तिच्या नवजात करडांविषयी, लिहिण्याचे योजिले आहे.

1. शेळीविषयी शास्त्रात काय आढळते

कित्येक बंधू आम्हांस विचारतात की, न्यायाच्या दिवसाच्या दृष्टांतात मेंढरे उजवीकडे व शेरडे डावीकडे केली जातात, तर मग शेळी हा प्राणी देवास अप्रिय आहे काय? यास उत्तर असे की, तेथे प्रभू शेळीची निंदा करीत नाही. पॅलेस्टाईन देशात मेंढरे व शेरडे दिवसभर एकत्र चरत असत व संध्याकाळी मेंढपाळ ती वेगळी करीत असे. हा नित्याचा देखावा घेऊन प्रभूने न्यायाचा धडा शिकविला. शेळीला शास्त्रात मानाची जागाच आहे. वल्हांडणाचे कोकरू मेंढरांतून घ्यावे किंवा शेरडांतून घ्यावे, अशी मोकळीक निर्गमाच्या बाराव्या अध्यायात दिली आहे. निवासमंडपावरील तंबूचे पडदे शेळीच्या केसांचे विणलेले होते. आणि नीतिसूत्रांच्या सत्ताविसाव्या अध्यायाच्या शेवटी ज्ञानी पुरुष सांगतो की, मनुष्याने आपल्या कळपाची अवस्था नीट जाणून घ्यावी, कारण धन व मुकुट पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाहीत. परंतु ज्याने कळपाकडे लक्ष दिले त्याच्या घरच्यांस व दासींस शेळ्यांचे दूध पुरून उरते.

येथे एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. शास्त्र एवढेच सांगून थांबत नाही की कळपासाठी प्रार्थना करा. कळपाची अवस्था जाणून घ्या, असे ते सांगते. जाणणे हे कर्तव्य आहे. जो जाणत नाही व जाणून घेण्याचा यत्नही करीत नाही, त्याने जनावर मेल्यावर देवाची इच्छा म्हणून स्वस्थ बसावे, हे नीट नव्हे.

2. आमच्या हातून घडलेली चूक

हे आम्ही दुसऱ्यास शिकविण्याच्या तोऱ्याने लिहीत नाही. कित्येक वर्षांपूर्वी श्रावण महिन्यात आमच्या मंडळ्यांपैकी एका वाडीतून निरोप आला की, अमुक विधवा बहिणीची शेळी व्याली असून अवघडलेली आहे, तर प्रार्थनेस यावे. त्या बाईजवळ ती एकच शेळी होती, व होणाऱ्या करडांवर तिने मुलीच्या वह्यापुस्तकांचा हिशेब मांडून ठेविला होता. आम्ही पोहोचलो तेव्हा तीन करडे ओल्या भुईवर पडली होती व शेळीची जार पडली नव्हती. वाडीतील वडील माणसे म्हणाली, जार पडेपर्यंत करडांस चीक पाजू नये, तशी रीत आहे. आम्हांस धर्मशास्त्राच्या शाळेत पुष्कळ शिकविले होते, पण याविषयी काही शिकविले नव्हते. म्हणून आम्हीही मान डोलाविली. प्रार्थना केली व वाट पाहत बसलो. जार पडली नाही. रात्री शेळी मेली, आणि तिच्या कासेतील चीक कासेतच राहिला.

मग आम्ही घाई केली, व ती घाई आळसाहून वाईट ठरली. गाईचे दूध आणविले, एका करडास मांडीवर उताणे धरिले आणि चमच्याने त्याच्या तोंडात दूध ओतिले. करडू गार पडले होते. त्यास चोखण्याची शक्ती नव्हती. दूध घशातून फुप्फुसात गेले. ते दोनदा खोकले, त्याच्या नाकातून दुधाचा फेस आला, आणि ते आमच्या मांडीवरच मेले. त्या बाईने आम्हांस एक शब्दही लाविला नाही. तिने एवढेच म्हटले, “पाळकसाहेब, तुम्ही तरी काय करणार?” ते शब्द आम्हांस आजही बोचतात. कारण करता येण्यासारखे पुष्कळ होते. आम्हांस ते ठाऊक नव्हते इतकेच.

दुसऱ्या दिवशी पहाटे वाडीबाहेर उतरलेल्या धनगरांतील एक म्हातारी रडणे ऐकून आली. तिने उरलेल्या दोन करडांच्या तोंडात बोट घालून पाहिले व म्हणाली, “बाबा, थंड पोटात दूध घालू नगा. आधी ऊब, मग दूध.” तिने करडे कोरड्या फडक्याने खसखसा पुसली, घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ ठेविली, आणि ती हालचाल करू लागल्यावर आपल्या कळपातील त्याच रात्री व्यालेली एक शेळी आणून तिचे सड त्यांच्या तोंडी दिले. ती म्हातारी आमच्या मंडळीची नव्हती, व तिने मोबदलाही मागितला नाही. दोहोंपैकी एक करडू पाचव्या दिवशी हगवणीने गेले. दुसरे, जी पाट होती, ती वाचली. पुढे ती स्वतः व्याली, आणि आज त्या बाईच्या दारी जी दावण आहे ती तिच्याच वंशाची आहे.

त्या दिवसापासून आम्ही हा विषय शिकावयास लागलो. धनगरांजवळ बसून, पशुवैद्यांस विचारून, व आपल्या दारी शेळ्या पाळून. जे शिकलो ते खाली क्रमाने सांगतो.

3. शेळीची निवड व गाभणपणातील निगा

आपल्या प्रांतात पुष्कळ जातींच्या शेळ्या आहेत. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद), लातूर, बीड व सोलापूर या भागांतील उस्मानाबादी शेळी बहुधा काळी असते, कोरड्या हवेत टिकते, व पुष्कळदा जुळी देते. संगमनेरी शेळी अहिल्यानगर, नाशिक व पुणे या जिल्ह्यांत आढळते व ती दूध आणि मांस या दोहोंसाठी पाळतात. विदर्भात बेरारी व सिंधुदुर्गाकडे कोकण कन्याळ प्रसिद्ध आहेत. दूरच्या प्रांतातील दुधाळ शेळीचे नाव ऐकून कर्ज काढू नये. जी शेळी आपल्या हवापाण्यास सरावलेली आहे तीच गरिबास लाभते. चांगल्या निगेने अशी शेळी दिवसाला अर्धा ते एक लिटर दूध देते, व करडांस पाजून त्यातून घरापुरता वाटा राहतो.

शेळी घेताना कास मऊ व दोन्ही सड सारखे आहेत काय, दात नीट आहेत काय, व ती जुळी देणाऱ्या आईची आहे काय, हे पाहावे. पाट लहान असताना फळवू नये. पूर्ण वाढलेल्या शेळीच्या वजनाच्या दोनतृतीयांश वजन झाल्यावर तिला बोकड दाखवावा. वाडीतील बोकड दर दोन वर्षांनी बदलावा, नाहीतर तो आपल्याच मुलींस फळवितो व पुढील करडे दुबळी निपजतात. यासाठी वाडीतील पाचसात घरांनी मिळून एक उत्तम बोकड ठेवावा, व मुदत भरली म्हणजे शेजारच्या गावच्या बोकडाशी अदलाबदल करावी.

शेळीचा गाभणकाळ सुमारे 150 दिवसांचा, म्हणजे पाच महिन्यांचा असतो. ज्या दिवशी ती फळली तो दिवस भिंतीवर किंवा दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा. मग विण्याचा दिवस अंधारात राहत नाही. पोटातील करडाची बहुतेक वाढ शेवटच्या दीड महिन्यात होते. म्हणून विण्याच्या सुमारे दोन महिने आधी दूध काढणे बंद करावे, म्हणजे शेळी आटून तिच्या अंगी शक्ती साठते व कासेत चीक तयार होतो. शेवटच्या दीड महिन्यात पाल्यावाचून पाव किलोच्या आसपास भरडा द्यावा. पण तो हळूहळू वाढवावा. एकाएकी पुष्कळ धान्य घातल्यास पोट बिघडते व शेळी मरते देखील. याच सुमारास, विण्याच्या चार ते सहा आठवडे आधी, आंत्रविषाराची लस टोचून घेतल्यास तिचे संरक्षण चिकातून करडास मिळते. खर्च थोडा आहे, लाभ मोठा आहे.

4. विण्याची वेळ

जागा कोरडी, झाडलेली व वाऱ्यापासून आडोशाची असावी. जमिनीवर गवताचा किंवा भुशाचा जाड थर घालावा. आपली नखे कापावी, हात साबणाने धुवावे. जोराच्या कळा सुरू झाल्यावर अर्ध्यापाऊण तासात काही दिसले नाही, किंवा पुढचे दोन पाय व त्यांवर टेकलेले तोंड यांखेरीज भलतेच काही पुढे आले, तर ओढाताण न करिता पशुवैद्यास बोलवावे. महाराष्ट्रात फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा दूरध्वनी क्रमांक आहे. तो प्रत्येक उपदेशकाने आपल्या वहीत लिहून ठेवावा.

करडू बाहेर पडताच त्याच्या नाकातोंडावरील चिकटा स्वच्छ फडक्याने पुसावा. श्वास सुरू होत नसेल तर छाती कोरड्या गवताने जोराने चोळावी व नाकपुडीत गवताची काडी हळूच फिरवावी. नंतर ते आईपुढे ठेवावे, म्हणजे ती चाटून कोरडे करील. नाळ आपोआप तुटली नाही तर पोटापासून दोनतीन बोटांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून, उकळत्या पाण्यातून काढलेल्या कात्रीने कापावी, व तिचे टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवावे. पहिल्या दिवशी हे दोनतीनदा करावे. राख, शेण किंवा माती नाळेस कधीही लावू नये. नाळेच्या वाटेने जो रोग शिरतो तो पुढे सांध्यांत उतरून करडू लंगडे करितो.

जार बहुधा काही तासांत पडते. ती हाताने ओढू नये. बारा तासांत न पडल्यास पशुवैद्यास दाखवावे. पडलेली जार कुत्र्यांपुढे न टाकता खोल पुरावी, व ती उघड्या हाताने हाताळू नये. कारण गर्भपात करणारे काही रोग तिच्यातून मनुष्यासही जडतात. जी शेळी मुदतीपूर्वी गाभडते तिच्याविषयी तर विशेष सावध असावे, व गाभण स्त्रियांनी अशा कामापासून दूर राहावे.

5. चीक

आता या पाठातील सर्वांत मोठी गोष्ट सांगतो. स्त्रीच्या पोटातील बाळास आईच्या रक्तातून रोगाशी लढण्याची काही शक्ती जन्मापूर्वीच मिळते. परंतु शेळी, गाय, मेंढी यांच्या वाराची रचनाच अशी आहे की ती शक्ती पोटात असताना पिलास मिळत नाही. करडू जन्मास येते तेव्हा रोगापुढे ते अगदी निःशस्त्र असते. त्याचे शस्त्र चिकात असते. आणि त्याच्या आतड्याचे दार ही शक्ती आत घेण्यासाठी जन्मापासून फार तर एक दिवस उघडे राहते. तास जातो तसे ते मिटत जाते. सहा तासांनी मिळालेला चीक पहिल्या तासातील चिकाइतका लागू पडत नाही, व दुसऱ्या दिवशी पाजलेल्या चिकाने पोट भरते, पण ते शस्त्र मिळत नाही.

तेव्हा जार पडेपर्यंत चीक पाजू नये, ही रीत करडांचा घात करणारी आहे. खरे पाहता करडाने आचळ चोखल्याने शेळीचे गर्भाशय आकसते व जार पडण्यास साहाय्यच होते. जन्मानंतर एका तासाच्या आत, उशिरात उशिरा दोन तासांत, पहिला चीक करडाच्या पोटात गेलाच पाहिजे. सडाच्या टोकाशी घट्ट बोंडशी बसलेली असते, म्हणून आधी प्रत्येक सडातून एकदोन धारा काढून वाट मोकळी करावी. प्रमाण असे की, करडाच्या वजनाच्या निदान दहावा भाग चीक पहिल्या दिवसात मिळावा. अडीच किलोच्या करडास पाव लिटर चीक, आणि त्यापैकी अर्धा पहिल्या सहा तासांत.

चीक पाहिला की कित्येक घरांत खरवसाची आठवण होते. करडे यथेच्छ प्याल्यावर उरेल त्याचा खरवस खुशाल करावा. परंतु करडांचा वाटा आधी. जी शेळी पुष्कळ चीक देते तिचा थोडा चीक स्वच्छ बाटलीत भरून, गावात कोणाकडे बर्फाचे कपाट असेल तर तेथे गोठवून ठेवावा. ज्याची शेळी मरेल त्याच्या करडांस तो जीवदान देईल. गोठविलेला चीक कोमट पाण्यात बाटली ठेवून वितळवावा. विस्तवावर ठेवल्यास तो फाटतो व त्याचा गुण नाहीसा होतो. शेळीचा चीक न मिळाल्यास नुकत्याच व्यालेल्या निरोगी गाईचा चीक चालतो.

6. हाताने पाजण्याची रीत

आई मेली, तिला कासदाह झाला, किंवा तीन करडे होऊन दूध पुरेना, म्हणजे हाताने पाजण्याचा प्रसंग येतो. त्याचे नियम असे :

पहिला नियम, आधी ऊब, मग दूध. निरोगी करडाच्या अंगाची उष्णता साडेअडतीस ते चाळीस अंश असते. तोंडात बोट घालून पाहावे. तोंड गार लागले व चोखण्याची ओढ नसली, तर दूध देऊ नये. आधी कोरडे करून घोंगडीत गुंडाळावे, फडक्यात बांधलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या दोन्ही कुशींस ठेवाव्या. चुलीच्या अगदी तोंडाशी ठेवू नये, कातडी भाजते. ते मान उचलू लागले व बोट चोखू लागले म्हणजे पाजावे. ऊब देऊनही चोखत नसेल, तर नळीने पोटात दूध घालण्याची युक्ती आहे. पण ती पशुवैद्याकडून डोळ्यांनी पाहून शिकावी, अंदाजाने करू नये.

दुसरा नियम, करडू आपल्या पायांवर उभे असावे व त्याची मान पुढे आणि किंचित वर असावी, जसे ते आईच्या कासेशी उभे राहते. उताणे किंवा आडवे धरून कधीही पाजू नये. मान वर करून चोखल्याने अन्ननलिकेपाशी एक पन्हळ तयार होते व दूध थेट खऱ्या पोटात जाते. ओतलेले दूध एकतर फुप्फुसात जाते किंवा पहिल्या कप्प्यात पडून आंबते.

तिसरा नियम, बाटलीचे बोंडुक असे असावे की बाटली उलटी केली असता थेंब थेंब पडावा, धार लागू नये. दूध अंगाच्या उष्णतेइतके, म्हणजे मनगटावर थेंब टाकला असता कोमट लागेल असे असावे. प्रत्येक वेळी बाटली व बोंडुक गरम पाण्याने धुवावे. आमच्या त्या दुसऱ्या करडास हगवण लागली ती बहुतकरून न धुतलेल्या बाटलीनेच.

चौथा नियम, प्रमाण व वेळ. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार ते पाच वेळा पाजावे. एकंदर दूध करडाच्या वजनाच्या सहाव्या भागाइतके, म्हणजे अडीच किलोच्या करडास सुमारे चारशे मिलिलिटर. दुसऱ्या आठवड्यापासून महिना पुरा होईपर्यंत तीन वेळा, वजन वाढेल तसे प्रमाण वाढवीत जावे. पाच किलोच्या करडास सुमारे आठशे मिलिलिटर पुरे. पुढे दोन वेळा. करडू ओरडते म्हणून दया येऊन एकाच वेळी पोट तट्ट होईपर्यंत पाजू नये. भुकेने जितकी मरतात त्याहून अशा दयेने मरणारी काही थोडी नाहीत. शेळीचे दूध नसल्यास गाईचे ताजे दूध द्यावे. त्यात पाणी घालू नये; पाण्याने पोट फुगते, अंग भरत नाही. एका दुधावरून दुसऱ्यावर न्यावयाचे तर तीनचार दिवसांत हळूहळू न्यावे.

पाचवा नियम, दुसऱ्या आठवड्यापासून कोवळा पाला टांगून ठेवावा : शेवरी, सुबाभूळ, बोर, हादगा यांपैकी जो मिळेल तो. थोडा बारीक भरडा व स्वच्छ पाणीही समोर असावे. पाला चघळल्यानेच करडाचा मोठा कप्पा वाढतो व ते रवंथ करावयास शिकते. तीन महिन्यांच्या सुमारास, जन्माच्या वजनाच्या निदान अडीचपट वजन झाले व भरडा चांगला खाऊ लागले, म्हणजे दूध आठदहा दिवसांत कमी करीत तोडावे.

7. रोगांविषयी थोडेसे

करडे मुख्यत्वे ओल, गारठा व घाण यांनी मरतात. म्हणून पावसाळ्यात त्यांस जमिनीवर न निजविता बांबूच्या मचाणावर निजवावे. लेंडी व मूत्र खाली पडते व अंग कोरडे राहते. डालग्याखाली झाकावयाचे तर वाऱ्यास वाट असावी व खालचे गवत रोज बदलावे.

हगवण लागल्यास अंगातील पाणी व क्षार निघून जातात आणि त्यानेच मरण येते. एक लिटर उकळून निवविलेल्या पाण्यात सपाट सहा लहान चमचे साखर व सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवून, ते दोन दुधांच्या मधल्या वेळी पुन्हा पुन्हा पाजावे. दूध सर्वस्वी बंद करू नये. दिवसभरात उतार पडला नाही, किंवा लेंडीत रक्त दिसले, तर दवाखान्यात न्यावे. तीन आठवड्यांपुढील करडांस रक्ती हगवण होते तिचे औषध वेगळे आहे, व ते पशुवैद्यच देऊ शकतो. दोन ते तीन महिन्यांच्या सुमारास जंताचे औषध द्यावे. तीन महिन्यांपुढे पीपीआर, म्हणजे शेळ्यांच्या बुळकांडीची लस टोचावी, व आंत्रविषार, लाळ-खुरकूत आणि देवी यांच्या लसींचे वेळापत्रक जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्यावे. सर्व वाडीने एकाच दिवशी टोचून घेतले तर वैद्यासही येणे परवडते. गुरांची बुळकांडी, जिने आमच्या पणजोबांच्या काळी गावेच्या गावे ओस पाडिली, ती लसीच्या योगाने सन 2011 मध्ये साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. जे मोठ्या जनावरांच्या बाबतीत घडले ते शेळ्यांच्या बाबतीत घडणे अशक्य नाही.

8. घरच्या दुधाविषयी

पहिले चारपाच दिवस जे येते ते सर्व करडांचे समजावे. पुढे करडे रात्री वेगळी बांधून सकाळी दूध काढावे व मग दिवसभर आईजवळ सोडावी. दूध काढण्यापूर्वी कास धुवून कोरडी करावी व पहिली धार काळ्या फडक्यावर पाहावी. गुठळी दिसली तर कासदाह समजावा व त्या सडाचे दूध घरात वापरू नये. शेळीच्या दुधास जी उग्र वास येण्याची तक्रार करितात, ती बहुधा बोकड जवळ बांधल्याने व भांडे नीट न घासल्याने येते. दूध नेहमी उकळून प्यावे. कच्च्या दुधातून लांबणीचा ताप मनुष्यास जडतो.

आणखी एक सूचना मातांसाठी. शेळीचे दूध हलके व पौष्टिक आहे खरे. पण त्यात रक्त तयार होण्यास लागणारे फॉलेट नावाचे सत्त्व फारच थोडे असते. म्हणून एक वर्षाच्या आतील बाळास आईच्या दुधाच्या ठिकाणी केवळ शेळीचे दूध देऊ नये. पहिले सहा महिने आईचेच दूध. तसेच, ज्याप्रमाणे करडास चीक, त्याप्रमाणे बाळास आईचे पहिले पिवळे दूध. ते काढून फेकण्याची रीत जेथे असेल तेथे ती सोडवावी.

9. उपदेशकांनी काय करावे

एखादा उपदेशक म्हणेल, आम्हांस आत्म्यांची काळजी घ्यावयाची आहे, करडांची नव्हे. बंधूंनो, याकोबाकडे पाहा. एसाव त्यास बरोबर चलण्याचा आग्रह करीत होता. परंतु त्याने नम्रपणे सांगितले की, माझ्याजवळ पाजत्या शेळ्यामेंढ्या व पिले आहेत, एक दिवस जरी त्यांस जोराने हाकिले तरी कळप मरेल, म्हणून मी त्यांच्या चालीने हळूहळू येईन. ज्यास पिलांच्या चालीने चालता येते तोच मंडळीतील दुबळ्यांच्या चालीने चालू शकतो. आणि यशया संदेष्ट्याने देवाच्या प्रेमाचे चित्र काढिले ते हेच, की तो कोकरांस उराशी धरितो व पाजणाऱ्यांस सांभाळून नेतो. आमच्या लोकांनी हे चित्र नुसते ऐकू नये. आपल्या दारी ते पाहावे.

प्रभूने म्हटले आहे की, जो थोडक्यात विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू. अडीच किलोचे करडू ही थोडकी गोष्ट खरी. पण ज्या बहिणीच्या मुलीची शाळा त्या करडावर अवलंबून आहे, तिच्या दृष्टीने ती थोडकी नव्हे. म्हणून आमची विनंती अशी की, प्रत्येक वाडीत एक पेटी ठेवावी, व तीत टिंक्चर आयोडीनची बाटली, स्वच्छ कात्री व दोरा, बोंडुक लाविलेली बाटली, उष्णतामापक, साखरमीठ व दोन कोरडी फडकी असावी. ही पेटी मंडळीच्या माणसांपुरती राखू नये. वाडीत कोणाचीही शेळी अडली तर ती घेऊन जावे. आम्हांस शिकविणारी म्हातारी आपल्या घोंगडीसह आली तेव्हा तिने आमची जात किंवा धर्म विचारिला नव्हता.

प्रार्थना करावी, अवश्य करावी. परंतु प्रार्थना करिताना करडू आपल्या पदराखाली उबेत असावे, व आमेन म्हटल्यावर त्याच्या तोंडी चीक असावा.

विचारण्याचे प्रश्न

1. नीतिसूत्रे 27:23 प्रमाणे कळपाची अवस्था जाणणे म्हणजे काय? तुमच्या शेळीचा विण्याचा दिवस तुम्हांस ठाऊक आहे काय?

2. चीक पहिल्या तासात का पाजावा? जार पडेपर्यंत थांबण्यात काय हानी आहे?

3. करडाचे तोंड गार लागले तर प्रथम काय करावे? दूध पाजताना त्यास कसे उभे करावे?

4. हगवण लागल्यास कोणते पाणी, कोणत्या प्रमाणाने व केव्हा द्यावे?

5. उत्पत्ति 33:14 मधील याकोबाच्या उत्तरावरून मंडळीतील दुबळ्यांस कसे वागवावे हे सांगा.

6. तुमच्या वाडीत अशी पेटी कोण ठेवील? त्याचे नाव येत्या रविवारी मंडळीपुढे सांगावे.